वळणावरची गुणगुण

मित्रांनो, तुमची घरं एका जागी उभी असतात. मी मात्र चाकांवर धावणारं घर, एक म्हातारी घरगाडी आहे. माझ्या पोटात दोन पलंग, एक शेगडी आणि घडीचं टेबल आहे. आजोबांनी मला नवीकोरी आणली, तेव्हा मला पाहायला सगळी गल्ली लोटली होती.

आजोबा चालवायचे, आजी शेजारी बसायची. तिला वळणांची भारी धास्ती. वळण आलं की ती डोळे गच्च मिटायची आणि तिला धीर यावा म्हणून आजोबा ओठ मिटून गुणगुणायचे. वळण सरलं की गप्प. अशी आम्ही तीस वर्षं फिरलो.

मग आजोबा गेले. दोन वर्षं मी कुंपणाशी उभी होते. पडद्यांवर कोळ्यांनी जाळी विणली, पुढच्या डाव्या चाकात पाणी शिरलं. एका सकाळी लेकीने मला बाहेर काढलं. शेजारी आजी, मागे छोटी नात. पहिल्याच वळणावर पुढून आवाज आला, "हूं... हूं..."

आजीने पदर घट्ट धरला. "हे तेच आहेत," ती पुटपुटली.

लेकीने मला तडक मिस्त्रीकडे नेलं. त्याने एक फेरी मारून आणली, मग मला जॅकवर चढवलं. एका हाताने चाक फिरवलं, दुसरा स्प्रिंगवर ठेवला आणि वैद्य नाडी बघतो तसे डोळे मिटले.

"बेअरिंग गेलंय, मावशी. उजवीकडे वळलं की भार या डाव्या चाकावर येतो, तेव्हाच ते रडतं. डावीकडे वळताना चिडीचूप."

"मग राहू दे ना. मला त्याचा त्रास नाही."

"तुम्हाला नसेल. चाक निखळलं तर त्या चिमुरडीला होईल."

आजीने बराच वेळ नातीकडे पाहिलं. "बदला," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

मला ठाऊक होतं, मित्रांनो, ते रडणं माझंच होतं. पण आजीला बरं वाटत होतं, म्हणून ते थांबावं असं मलाही वाटत नव्हतं.

नवं बेअरिंग बसलं. परतताना उजवं वळण आलं आणि काहीच ऐकू आलं नाही. आजीच्या गालावरून पाणी ओघळलं. पुढे डावं वळण आलं. तिने सवयीने डोळे मिटले.

"हूं... हूं..."

"आई, मिस्त्रीकाका काही विसरले का गं?" नातीने विचारलं.

लेकीने मला कडेला घेतलं. चाकं थांबली, इंजिन बंद झालं. गुणगुण चालूच राहिली. वळण अजून सरलं नव्हतं.

मित्रांनो, माझी चाकं मी ओळखते. तो आवाज त्यांचा नव्हता. म्हणून एवढंच सांगते, जुनी गाडी कुरकुरली तर कानाडोळा करू नका. आवाज चाकाचा असेल, तर त्याच दिवशी दुरुस्त करा. आणि चाकाचा नसेल, तर वळण सरेपर्यंत शांत बसून राहा.