शनिवारचा वाटा

त्या शनिवारी सकाळपासून माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. प्रवाळाच्या रांगेबाहेर पक्षी घिरट्या घालत होते, म्हणजे कुपा माशांचा थवा आलेला. गावातले सगळे तरणे पुरुष होड्या घेऊन गेले होते. रविवारी आमच्याकडे समुद्रात कुणी पाऊल टाकत नाही, त्यामुळे शनिवारची मासेमारी दोन दिवसांची. अशा दिवशी धडधाकट माणूस घरात सापडला तर तो आजारी तरी असतो, नाही तर लेमेकी असतो.

लेमेकी माझा भाचा, हुलिया अक्काचा एकुलता एक मुलगा. न्यूझीलंडला कामाला गेला आणि येताना नवा धर्म घेऊन आला. देव तोच, बायबलही तेच, पण याचा विश्रांतीचा वार शनिवार. शुक्रवारी सूर्य बुडाला की हातपाय आवरून बसायचा, तो शनिवारी सूर्य बुडेपर्यंत. एकदा तर रविवारी लाकडं फोडायला निघाला, तेव्हा अक्काने कुऱ्हाडच लपवली.

पॅसिफिक महासागरातल्या तोकेलाऊच्या आमच्या तीन बेटांपैकी एक अख्खं कॅथलिक, एकावर दोन्ही पंथ, आणि आमच्या बेटावर फक्त जुनं प्रोटेस्टंट चर्च. गावात दुसरी घंटा कधी वाजली नाही, याचा म्हाताऱ्यांना केवढा अभिमान. त्यामुळे लेमेकी आल्यापासून गाव आतून खदखदत होतं. मलाही त्याचा राग यायचा. आईजवळ राहायला आलास ना, मग राहा की चारचौघांसारखा, असं मी त्याला तोंडावर सुनावलं होतं. तो ऐकून घ्यायचा आणि हसायचा. त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरायचं.

दुपारी होड्या परतल्या. मासे मैदानात ओतले आणि मी वाटे घालायला बसलो. हे काम आमच्या घराण्याकडे आहे. आम्ही याला इनाती म्हणतो. मासे कुणीही पकडोत, वाटा माणशी पडतो. काल जन्मलेल्या पोराचा, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचा, सगळ्यांचा. मग मी घराघराचं नाव पुकारतो आणि त्या घरचं कुणीतरी येऊन वाटा उचलतं. शेवटचा वाटा उचलला जाईपर्यंत कुणी जागचं हलत नाही.

अक्काच्या घराचा वाटा मांडत होतो तेवढ्यात पेनेहुलीकाका शेजारी येऊन उभे राहिले. ते गावचे कारभारी. डोळे घारे, आवाज मऊ. हळूच म्हणाले, लेमेकीचा मासा जरूर मांड, पण आज त्या घराचा वाटा त्यानेच येऊन उचलायचा.

शनिवारी तो ओझं उचलत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं; त्या दिवशी त्यांचा वाटा शेजारचं पोर घेऊन जायचं. उचललं तर त्याचा धर्म मोडणार, नाही उचललं तर गावाचा वाटा नाकारला असं होणार. आणि वाटा नाकारणाऱ्याला आमच्याकडे जागा नसते. सोमवारी जहाज येणार होतं, त्यातून त्याला परत धाडता आलं असतं. काकांनी हिशेब चोख बांधला होता.

एकेक घर वाटा उचलून बाजूला उभं राहिलं. अक्काच्या घराचं नाव मी पुकारलं, पुन्हा पुकारलं. ऊन टाळू भाजत होतं, माशांवर माश्या बसायला लागल्या. बायका कुजबुजू लागल्या, पोरं रडकुंडीला आली. काका म्हणाले, त्याचा बाप तुवालू बेटांवरचा, बाहेरच्या रक्ताला आपली रीत काय कळणार. मला ते झोंबलं. उठलो आणि तडक अक्काच्या घरी गेलो.

अक्का पायरीवर चटई विणत होती. लेमेकी आत भिंतीला टेकून बसला होता. मी काकांचा निरोप सांगितला, रक्ताचा टोमणाही सांगितला आणि सगळा राग त्याच्यावर काढला. एवढा एकदा चल, मासे उचल, देव काही तुला खाणार नाही, असं म्हणालो. लेमेकीचा चेहरा उतरला. आईकडे बघत तो खरंच उठायला लागला.

"बस खाली," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मला याचा शनिवार पटत नाही, हाकारिया. देवाशप्पथ नाही पटत. पण माझ्या पोराने देवाला दिलेला शब्द कुणी माशांपायी मोडायला लावणार असेल, तर ते मी होऊ द्यायची नाही."

ती तरातरा मैदानात आली. वाटा उचलायला तिच्या वयाची बाई कधी येत नाही, पोरंटोरं येतात. ती काकांसमोर उभी राहिली.

"पेनेहुलीदादा, वाटा घराचा असतो ना? आणि घर कुणाचं असतं, बाईचं का पुरुषाचं?"

"बाईचं," काकांना म्हणावंच लागलं. आमच्याकडे घर थोरल्या बाईचं; पुरुषाने मासे आणायचे आणि तिने ते घरात वाटायचे, यात कुणाचं दुमत नाही.

"मग माझ्या पोराला कशाला बोलावता? आणि बाहेरचं रक्त म्हणालात म्हणे. तुमचे पोर्तुगीज आजोबा जहाजातून उतरले तेव्हा गळ्यात कॅथलिकांची जपमाळ होती. आपली प्रार्थनासुद्धा त्यांना येत नव्हती. पहिल्या दिवशी त्यांना वाटा कुणी घातला?"

काका घाऱ्या डोळ्यांनी वाळूकडे बघत राहिले. मागे कुणीतरी फसकन हसलं. अक्काने वाकून मासे उचलले, टोपलीत भरले आणि ती निघाली. मी घाईघाईने वाटप संपल्याचं पुकारलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या बहिणीचा फार अभिमान वाटला.

लेमेकीच्या वारी घरात चूल नको म्हणून तिने सूर्य बुडेपर्यंत मासे ओल्या पानांत झाकून ठेवले. मलाही जेवायला थांबवलं. दिवसभराची धुसफूस संपली असं मला वाटत होतं. अक्का मासा भाजता भाजता काकांची नक्कल करत होती आणि मी पोट धरून हसत होतो. लेमेकी हसत नव्हता.

तिने त्याच्यापुढे सगळ्यात मोठा मासा ठेवला. त्याने हात लावला नाही.

"आई, मी सोमवारच्या जहाजाने जातो."

"का? आता कोण काय बोलतंय तुला?"

"कुणी नाही. पण शनिवार दर आठवड्याला येणार. माझ्यासाठी तू दर वेळी गावासमोर उभी राहायचीस, हे मला बघवत नाही."

अक्काने माशाचा काटा काढून घास त्याच्या पुढ्यात सरकवला, लहानपणी सरकवायची तसा.

"आज भांडून तुझी जागा राखली," ती म्हणाली. "तूच नसलास तर पुढच्या शनिवारी मी भांडू कुणासाठी?"