अल्बमबद्दल मेहुण्याचं मत

भाऊजींनी सुई रेकॉर्डवर टेकवली आणि ती घसरली. पत्र्यावर खिळा ओढावा तशी करकरत ती पहिलं गाणं आडवं कापत गेली आणि दुसऱ्याच्या तोंडाशी जाऊन स्थिरावली. दंतवैद्यांनी कानांवर हात ठेवले. वकीलबाईंनी डोळे घट्ट मिटले. मेहुण्याच्या तर हिरड्यांतून कळ गेली. भाऊजी मात्र शांतपणे वळले, आपल्या खुर्चीत बसले आणि ‘आता सुरुवात ऐका’ अशा थाटात त्यांनी एक बोट वर केलं.

सुरुवात केव्हाच होऊन गेली होती.

रेकॉर्ड चालू असताना त्या खोलीत बोलायची पद्धत नव्हती, आणि पद्धती भाऊजींनी घालून दिलेल्या होत्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. उत्तरपत्रिका यायच्या बंद झाल्यापासून माणसं तपासत. वर्षातून एका रविवारी दुपारी सगळ्यांनी जमायचं, चार ब्रिटिश पोरांनी पन्नासेक वर्षांपूर्वी केलेला तो रॉक अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकायचा, मग एकेकाने मत द्यायचं आणि भाऊजींनी निकाल. अल्बम तोच, माणसं तीच, निकालही तोच.

अगदी पहिल्या वर्षी मेहुणा म्हणाला होता, की ड्रम जरा जास्तच होतात. नवीन होता बिचारा.

“कान दुकानात विसरून आलास वाटतं,” भाऊजी म्हणाले होते. “बघ हं, कुणीतरी त्यांना चष्मा अडकवून ठेवला असेल.”

चष्म्याचं दुकान असलेल्या माणसाला हे बोलणं लागलं. त्याहून जास्त लागलं ते त्याच्या सख्ख्या ताईचं पदर तोंडाला लावून हसणं. पुढच्या वर्षापासून तो म्हणू लागला, “गिटार अगदी रडते हो.” त्यावर भाऊजी म्हणत, “वा! हळूहळू कान तयार होतोय.” गेली वीसेक वर्षं तो हळूहळूच तयार होत होता.

यंदा त्याने ठरवलं होतं. खरं काय ते बोलायचं आणि पुन्हा या घरात रेकॉर्ड ऐकायला यायचं नाही. आठवडाभर दुकानात त्याने तालीम केली होती. आरसे भरपूर असल्यामुळे श्रोतेही बरे जमत.

तो वाक्यांची मनात उजळणी करत असताना त्याची नजर भाऊजींच्या बोटांवर गेली. डोळे मिटून ते खुर्चीच्या हातावर ठेका धरत होते. ठेका बिनचूक होता. फक्त तो सुईने गिळलेल्या गाण्याचा होता. गायक पियानोच्या साथीने मुळुमुळु काहीतरी म्हणत होता आणि भाऊजींची बोटं ड्रम बडवत होती.

बाजू संपली तरी बोटं चालूच होती. ताईने येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठे थांबली. तिने रेकॉर्ड उलटली आणि सुई स्वतःच ठेवली. पूर्वी ती त्या यंत्राला फडकंसुद्धा लावू शकत नसे.

मेहुण्याच्या दुकानात अशी माणसं येत. गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासायला यायचं आणि तक्ता आधीच पाठ करून यायचा. पार खालच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणत. तो हुज्जत घालत नसे. निमूटपणे तक्ता बदलत असे.

दुसरी बाजूही संपली.

“बोला डॉक्टर,” भाऊजी म्हणाले.

“माझं आपलं तेच,” दंतवैद्य म्हणाले. “पहिली बाजू झकास. दुसऱ्या बाजूला जरा झोप—”

“तुम्ही आलात तेच झोपेत! पेशंटची भूल तुम्हीच हुंगता की काय?”

सगळे हसले. निकाल वाक्य संपायच्या आधीच लागला होता, हे कुणाला खटकलं नाही. भाऊजी मुळात ऐकून घेणाऱ्यांतले नव्हतेच. त्यांचं ऐकणं गेलं काय नि राहिलं काय, कळणार कुणाला?

“हं, मेहुणेबुवा.”

मेहुण्याने दाराकडे पाहिलं. ताई चहाचा ट्रे घेऊन तिथेच थबकली होती. तिने मान हलवली नाही, पण लहानपणी काच फुटल्यावर ‘बाबांना सांगू नकोस’ म्हणून ती जशी बघायची, तशी बघत होती. त्याने नजर काढून घेतली आणि तोंड उघडलं.

“भाऊजी, मला हा अल्बम कधीच आवडला नाही. ड्रम डोक्यात जातात, गायक पोटात दुखल्यासारखा कण्हतो, आणि आम्ही सगळे तुमच्या भीतीने माना डोलवतो. खरं तेच सांगतोय.”

भाऊजी प्रसन्न हसले.

“वा! हळूहळू कान तयार होतोय.”

ताईने ट्रे खाली ठेवला. दंतवैद्य म्हणाले, “अहो, पण तो तर—” आणि वकीलबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. भाऊजींचं हसू जागच्या जागीच होतं; डोळे मात्र एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांवर धावू लागले.

वकीलबाईंनी खुर्ची पुढे ओढली, खिडकीतला उजेड चेहऱ्यावर येईल अशी.

“आता माझं,” त्या एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. “शब्दांना काही अर्थच नाही, सर. दरवर्षी सांगते.”

याचा निकाल ठरलेला होता. अर्थ अशिलाकडे मागावा, गाण्याकडे नाही. दंतवैद्य हसायला तयारही होऊन बसले.

भाऊजींनी निकाल दिला नाही. ते मेहुण्याकडे वळले.

“तू मघाशी काय म्हणालास?”

मेहुणा उठला आणि त्यांच्या समोर खाली बसला. “गिटार अगदी रडते, म्हटलं.”

भाऊजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “वाक्य बरंच लांब होतं.”

“अहो, चहा निवतोय,” ताई म्हणाली. तिच्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

“मला हा अल्बम आवडत नाही, भाऊजी,” मेहुणा सावकाश म्हणाला. या वेळी शब्दांना धार नव्हती. ते एकेक करून खाली ठेवावेत तसे त्याने ठेवले. “कधीच आवडला नाही.”

भाऊजींनी मान डोलावली. मग ते कितीतरी वेळ गुडघ्यावरच्या कापडाची सुरकुती सारखी करत राहिले.

“मग इतकी वर्षं यायचास कशाला रे?”

भाऊजी पुढे झुकले, मेहुण्याच्या ओठांवर डोळे रोखून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी मताची वाट बघत होते.