ए वर करंगळी

राहात्यातल्या कुठल्याही कचेरीत जा, शलमोन सरांकडे टायपिंग शिकलेला एखादा तरी भेटतोच. हे शलमोन सर माझे पप्पा. अलीकडे मात्र क्लासकडे काळं कुत्रंही फिरकत नव्हतं. तरी पप्पा रोज सकाळी सगळे कीबोर्ड पुसायचे आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहायचे. शेवटी शेजारच्या मेडिकलवाल्या गोरक्षनाथला क्लासची खोली द्यायचं ठरत आलं, तेव्हा मी आडवी आले. म्हटलं, मला द्या, मी गेम पार्लर टाकते.

पप्पांनी अट घातली. टीव्हीला जोडलेल्या त्या गेमच्या डबड्याला, म्हणजे कन्सोलला, हातात धरायचा कंट्रोलर लावायचा नाही.

"दोन अंगठ्यांनी खेळायचं? कृपा, मी जन्मभर अंगठाबहाद्दर कमी करत आलो!"

म्हणून मी कन्सोलला क्लासचा कीबोर्ड आणि माऊस जोडला. सगळे गेम कीबोर्ड घेत नाहीत. बंदुकांचा एक घेत होता. आमचं घर प्रार्थनेचं, पण बंदुकांबद्दल पप्पांची तक्रार नव्हती, बोटांबद्दल होती. गिऱ्हाईक यायचं, कंट्रोलर कुठंय विचारायचं आणि परत जायचं. मी एकटीच खेळून तरबेज झाले.

मग मी कोल्हारच्या जीशानला आव्हान दिलं. त्या भागात त्याच्या कंट्रोलरला तोड नव्हती. त्याला हरवलं की पोरं आपोआप इकडे वळतील, हा माझा हिशेब. पप्पा म्हणाले, "जिंकलीस तर खोली तुझी. हरलीस तर गोरक्षनाथची."

रविवारी उपासना आटोपून आम्ही आलो, तर खोली भरलेली. जीशाननं माझा कीबोर्ड बघितला आणि भडकला.

"ही तर चीटिंग हाय! माऊसनं नेम लगेच बसतो. कंट्रोलरवाल्यानं काय करायचं?"

त्याचं खरं होतं. मी त्याच भरवशावर होते. पोरांनी पंच म्हणून पप्पांनाच पुढे केलं, कारण परीक्षेत सख्ख्या मेहुण्याची कॉपी पकडणारा माणूस लेकीची बाजू घेणार नाही, हे राहात्याला ठाऊक.

पप्पांनी निकाल दिला, "परीक्षेत सगळ्यांना एकच यंत्र." आणि जीशानपुढेही कीबोर्ड-माऊस आला.

मला उकळ्या फुटल्या. पाच डाव ठरले होते. पहिल्या दोन डावांत जीशान नुसता भिंतीवर धडकत होता. मी हसत हसत त्याला टिपलं. तेवढ्यात पप्पांनी स्टूल ओढलं आणि त्याच्या मागे जाऊन बसले.

"डावी करंगळी ए वर. हां. पुढे जायला डब्ल्यू, अनामिकेनं. आणि खाली बघायचं नाही."

"पप्पा, तुम्ही पंच आहात!"

"आहे की. पण विद्यार्थी नवीन आहे."

माझं डोकं फिरलं. रागाच्या भरात तिसरा डाव गेला, चौथाही गेला. जीशानची बोटं सुधारत होती आणि पप्पा मान डोलवत होते. सख्खा बाप, आणि घरभेदी निघाला!

शेवटच्या डावात जीशान माझ्या नेमात अलगद आला. नुसतं बोट दाबायचं राहिलं होतं. इतक्यात पप्पा मोठ्यानं हसले, "शाब्बास! बघितलं नाहीस खाली!"

असं हसताना मी त्यांना किती दिवसांत ऐकलं नव्हतं. मी वळून बघितलं. त्यांचा हात जीशानच्या खांद्यावर होता आणि चेहरा असा फुलला होता की मला रडू यायला लागलं. पडद्यावर मी तेवढ्यात मेले होते.

पोरांनी ओरडून खोली डोक्यावर घेतली. पप्पांना एकदम भान आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

जीशान मात्र उठायचं नाव घेईना. म्हणाला, "सर, क्लार्कच्या भरतीला टायपिंगचं सर्टिफिकेट लागतंय. आमच्यातल्या आठ-दहा जनांचं राहिलंय. तुमचा क्लास चालू हाय का?"

"नाही रे, बाळा," पप्पा हळूच म्हणाले. "खोली दिली मी."

"चालू आहे," मी म्हणाले. "उद्या सकाळपासून या."

आणि कन्सोलची वायर मी स्वतःच काढली.