कुरव ओरडत नाही

ऋग्वेदा वेलकरने ते चित्र एप्रिलच्या अखेरीस सुरू केलं. ती दादरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर चौपाटीवर गेली, तर वाळूवर समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरी गोळे वाहून आले होते आणि त्यांच्यात एक कुरव मरून पडला होता. एरवी पांढराशुभ्र असणारा तो समुद्रपक्षी, पण त्याचे पंख काळे होऊन अंगाला चिकटले होते. घरी येऊन तिने बाल्कनीत चार फुटी कॅनव्हास लावला आणि तेलकट समुद्रातला कुरव काढायला घेतला.

घर गिरगावात, ठाकूरद्वारला. नवरा सिद्धार्थ नोकरीसाठी हैदराबादला, त्यामुळे घरात ती आणि सासू-सासरेच. सासरे मनमोहन एकाहत्तर वर्षांचे. अख्खी नोकरी बोटींच्या इंजिनरूममध्ये गेलेली. कमी बोलायचे, पण सुनेच्या चित्रांचं त्यांना कौतुक होतं. चहाचा कप घेऊन रोज बाल्कनीच्या दारात उभे राहायचे.

या चित्रापाशी मात्र चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी चुकलंय."

"कसं, बाबा?"

"तू सगळीकडे काळं केलंयस. पाण्यावर तेल काळं दिसत नाही. कडेला मोरपिशी, मग राखाडी. जाड असेल तिथे चॉकलेटी. आणि लाटा काढू नकोस. तेल पसरलं की लाट उठत नाही. आजूबाजूला वाऱ्याने पाणी हलत असतं आणि तेवढाच तुकडा इस्त्री केल्यासारखा सपाट. म्हणून तर पक्षी तिथेच बसायला येतात. त्यांना वाटतं, इथे निवांत आहे."

त्यांना एवढं सलग बोलताना तिने लग्नानंतरच्या सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने जुना रंग खरवडायला घेतला. पॅलेट नाइफ कॅनव्हासवरून फिरू लागला, खर्र, खर्र. मनमोहन घाईघाईने आत गेले. बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो कितीतरी वेळ चालूच राहिला.

"काय झालं यांना?" तिने सासूला, बेबींना, विचारलं.

बेबी वाटण करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "होतं त्यांचं असं मधूनच. हात धुत बसतात. मी विचारायचं सोडून दिलं."

त्यानंतर मनमोहनांचं जेवण कमी झालं. पेपर तोंडासमोर धरायचे, पण पान उलटायचे नाहीत. दुपारी आडवे झाले की एकदम उठून बसायचे आणि खिडकीकडे कान लावायचे. ऋग्वेदाने एकदा विचारलं, "काही ऐकू येतंय का, बाबा?" ते म्हणाले, "काही नाही. खिडकीवर कबूतर असेल." खिडकीवर कबूतर नव्हतं.

मेच्या मध्यावर चित्रातला पक्षी पुरा झाला. मान वर ताणलेली, चोच उघडी, जणू आकाशाकडे बघून ओरडतोय. शाळेतल्या मैत्रिणींना फोटो पाठवला, तर त्यांच्या अंगावर काटा आला. तिने सासऱ्यांना बोलावलं.

"ओरडत नाही तो," मनमोहन म्हणाले.

"म्हणजे?"

"कुरव. तेलात सापडला की आवाजच करत नाही. पंख साफ करत बसतो, चोचीने. एकेक पीस धरतो आणि ओढतो. ते तेल त्याच्याच पोटात जातं, तरी थांबत नाही. शेवटपर्यंत तेच."

ऋग्वेदाने ब्रश खाली ठेवला. "बाबा, तुम्ही हे कुठे पाहिलंत?"

बेबी ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मनमोहनांनी दोघींकडे बघितलं आणि स्टुलावर बसले.

"एकोणनव्वद साल. जानेवारी. मी सेकंड इंजिनियर होतो. मुंबईच्या बाहेर आम्ही नांगर टाकून पडलो होतो, बंदरात जागा नव्हती म्हणून. इंजिनाखाली जे घाण तेल-पाणी साठतं ते किनाऱ्यावर उतरवायचं असतं. पण त्यात दोन दिवस मोडणार होते आणि सगळ्यांना घरी जायची घाई. चीफ इंजिनियर म्हणाला, वेलकर, उजाडायच्या आत समुद्रात सोडून टाक. मी व्हॉल्व्ह उघडला."

"तुम्हाला हुकूम होता," ऋग्वेदा म्हणाली.

"हुकूम त्याचा. हात माझा." ते थांबले. "सकाळी डेकवर आलो. सगळा समुद्र हलत होता आणि बोटीच्या बाजूला तो सपाट तुकडा. कुरव येत होते आणि बसत होते. उठायला गेले की पंख उघडेनात. ते बघूनसुद्धा मागचे येतच होते. मी ओरडलो, डबे वाजवले. एक कुरव शिडीच्या पायरीला येऊन लागला, त्याला बादलीने वर घेतला. चिंध्यांनी पुसत बसलो. मी एक पंख पुसतोय आणि तो दुसरा चोचीने ओढतोय. दोघंही तेच काम करत होतो. दुपारी माझ्या मांडीवर गेला. त्याच्या चोचीचा तो आवाज अजून येतो मला. बारीक. खर्र, खर्र."

बेबींनी ओले हात पदराला पुसले. मग बेबी म्हणाल्या, "तुम्ही त्या खेपेला घरी आलात ते महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. सिद्धार्थला उचलून घेतलं नाहीत. मला वाटलं, बाहेर कोणी बाई आहे. इतकी वर्षं मी तेच धरून बसले. हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पक्षीच होते ना."

"म्हटलं असतं," बेबी म्हणाल्या. "तरी सांगायचं होतं."

त्या आत गेल्या. दोन दिवस त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांच्या पानात कोळंबी वाढत म्हणाल्या, "त्या पोरीला काय हवंय ते करू द्या. अर्धवट ठेवू नका."

ऋग्वेदाला चित्रासाठी सासऱ्यांचे हात हवे होते. मनमोहन चार दुपारी बाल्कनीत बसले, मांडीवर उशी आणि हातात फडकं घेऊन. तिने उघडी चोच पुसली, पक्ष्याची मान खाली वळवली, पंखात खुपसली. बाजूला दोन हात आले, नखांत काळं भरलेले. मागे ते सपाट पाणी.

जुलैत फोर्टमधल्या एका लहानशा दालनात पाचजणींचं प्रदर्शन भरलं. वेलकर मंडळी टॅक्सीने गेली. चित्रापुढे गर्दी होती. एक बाई आपल्या मुलीला जवळ घेऊन सांगत होत्या, "बघ, किती मायेने धरलंय. अशी माणसं आहेत म्हणून पक्षी वाचतात." आणखी दोघांनी मान डोलावली.

मनमोहन मागेच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सुनेला बाजूला घेतलं. "हे उलटंच झालं."

"लोकांना तसं वाटणारच, बाबा. मी तरी काय करू?"

"पेन आहे?"

चित्राखाली नाव आणि माप लिहिलेलं छोटं कार्ड होतं. मनमोहनांनी ते काढलं, टेबलावर ठेवलं आणि खाली जी जागा होती तिच्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: 'हे हात माझे आहेत. तेल याच हातांनी सोडलं. हा पक्षी वाचला नाही. मनमोहन वेलकर.' कार्ड परत लावून ते चित्राशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. बेबींनी खुर्ची आणून दिली, ती त्यांनी नको म्हटली.

मघाच्या बाई जाता जाता पुन्हा चित्रापाशी आल्या. कार्ड वाचलं, मान वर केली, मनमोहनांकडे बघितलं आणि त्यांच्या हातांकडे. मग मुलीला घेऊन निघून गेल्या.

संध्याकाळी एक कॉलेजातला मुलगा थांबला. त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग पुढे काय झालं, काका?"

"काही नाही रे," मनमोहन म्हणाले. "कोणी विचारलंच नाही. बोट बंदराला लागली आणि आम्ही घरी गेलो."