पुढचं दार

तुरुंगाची एक रीत असते. जिवंत बाई पुढच्या दारानं सुटते, मेलेली मागच्या. शिवणखोलीतल्या मावशीनं सतरा वर्षं ती पाहिलेली. म्हणून शेजारच्या मशीनवरच्या शिंपिणीला ती रोज म्हणायची, "आपण दोघी पुढच्याच दारानं जायचं गं."

शिंपिणीची जीभ म्हणजे कात्री. "तू जाशील आडवी, मावशे. आत्तापासूनच पाय मागच्या दाराकडे करून झोपतेस."

मावशी पोट धरून हसायची. आठ दिवसांपूर्वी शिवता शिवताच तिनं मान टाकली. बोटावरचं, सुईपासून जपणारं पत्र्याचं अंगुस्तानसुद्धा न काढता तिला नेलं, आणि मागच्याच दारानं. शिंपिणीला स्वतःचे शब्द सुईसारखे टोचत राहिले.

तेव्हापासून सकाळची मोजणी बिघडली. बायका जोडीजोडीनं, हात धरून बसत. चाळिसातली एक गेली, शेवटी शिंपीण एकटी. तरी जोड्या भरायच्या वीसच्या वीस! शिपाईण मुकाट्यानं एकोणचाळीस लिहायची. नोकरी कुणाला नको असते?

आज मात्र शिंपिणीची सुटका. तुरुंगाच्या मोठ्या बाई स्वतः वही घेऊन उभ्या, आणि बाहेर शिंपिणीची लेक उभी.

"चाळीस," शिपाईण म्हणाली. तिसऱ्यांदाही चाळीसच.

"बोटं कमी पडतात का तुला?" मोठ्या बाई कडाडल्या. "मोजणी जुळल्याशिवाय दार उघडायचं नाही. दुपारपर्यंत जुळली नाही, तर हिचा सुटकेचा कागद माघारी."

माघारी गेलेला कागद पुन्हा कधी यायचा? शेजारच्या रिकाम्या जागेकडे न बघता शिंपिणीनं नेहमीसारखा हात पुढे केला. तळव्यात थंडगार बोटं आली. एका बोटावर अंगुस्तान.

"रुसलीस होय?" ती पुटपुटली. "ऊठ. तुला टाकून जाईन का मी?"

आणि उभी राहिली.

"अडतीस बसलेल्या, एक उभी," शिपाईण घाईघाईनं म्हणाली. "जुळलं, बाई!"

पुढच्या मोठ्या दारात एक बुटकं दार होतं. शिंपीण वाकून बाहेर पडली आणि मागचा हात घट्ट धरून म्हणाली, "जपून गं. डोकं आपटेल."

लेक धावत आली, ती दोन पावलांवर थबकली. "आई, ह्या कोण?"

"मावशी," म्हणत शिंपिणीनं मान वळवली. तोच बोटं सुटली.

तळव्यात अंगुस्तान तेवढं उरलं. आतून ते चांगलं उबदार होतं.