स्टुलाला दिलेली धडक

चाळिशी उलटली तरी त्याला सगळे सोन्याच म्हणत, कारण आई तसं म्हणायची. आई सरकारी दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. वडील लवकर गेले. घर आधी तिच्या पगारावर आणि मग तिच्या पेन्शनवर चाललं. ती गेली आणि पेन्शन थांबली. तिच्यामागे ती सोन्याला मिळू शकत होती, पण त्याला दिसत नाही, म्हणून कमावता येत नाही, हे मेडिकल बोर्डापुढे सिद्ध व्हायला हवं होतं.

इथेच घोडं पेंड खात होतं. सोन्याच्या नजरेचा मधला भाग विशीतच गेला होता. समोरच्याचं तोंड दिसत नसे, अक्षर तर नाहीच. पण कडेकडेचं बरंच दिसे. त्यामुळे रस्त्याने तो चांगला ताठ चालायचा. शेजारचा शिंपी उघडच म्हणायचा, "आंधळा म्हणे! परवा दारातलं मांजर ओलांडून गेला."

हे मावशीने ऐकलं होतं. बोर्डाकडे जाताना ती म्हणाली, "असा राजासारखा चालत आत गेलास तर कोण विश्वास ठेवेल? शिरलास की कशाला तरी धडक."

"अगं, पण मला खरंच दिसत नाही."

"खरं असून भागत नाही रे. खरं वाटावंही लागतं."

दोघं बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत बसली. आतून एका बाईंचा आवाज आला, "खोटं बोलून सरकारला फसवता? याची तक्रार होईल." मग आतून एक माणूस बाहेर आला आणि झपझप निघून गेला.  उठून घरी जावं असं सोन्याला वाटलं, पण घरी जाऊन खायचं काय? तेवढ्यात शिपायाने त्याचा नंबर पुकारला. मावशीला बाहेरच थांबायला सांगितलं.

खोलीत टेबलामागे तिघं होती. डाव्या कडेला त्याला स्टूल दिसलं. जीव मुठीत धरून तो त्याच्याकडे वळला आणि गुडघा आपटला. स्टूल आडवं झालं.

 मधल्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "धडकण्याआधी तुम्ही पाऊल आखूड केलंत."

सोन्याने ओळखलं. मघाचा तो आवाज यांचाच होता. आता पेन्शन तर गेलीच, वर पोलीस. आपल्यापायी आईचंही नाव खराब होणार. 

"मुद्दाम धडकलो," तो कसाबसा म्हणाला. "स्टूल दिसलं होतं. पण तुमचं तोंड दिसत नाहीये, बाई. सरळ बघितलं की तिथे नुसता धूर असतो. कानाकडे बघितलं तर थोडं कळतं. चालताना मी लोकांना बरा वाटतो, म्हणून कुणाला खरंच वाटत नाही."

"कुणी शिकवलं हे?"

 मावशीचं नाव घ्यायला सोन्याची जीभ रेटेना.

"बसा," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्याला भिंतीवरची अक्षरं विचारली. सगळ्यात वरचं मोठं अक्षरही त्याला सांगता आलं नाही. डोळ्यांत थेंब टाकले, यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवायला लावली, झगझगीत उजेड आत सोडला. तिघं आपापसात हळू बोलत होती. 

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पडद्याचा मधला भाग गेलाय. या आजारात माणूस चालतो, पण वाचू शकत नाही. आहे ते सांगितलं असतंत तरी पुरलं असतं. पुन्हा असं केलंत तर मात्र मी सोडणार नाही."

तो मान हलवत बाहेर आला आणि बाकावर मटकन बसला. मावशीने दाखला घेऊन वाचला, "कमाई करण्यास कायमचा असमर्थ. शिफारस करण्यात येते." ती आनंदाने म्हणाली, "मंजूर होणार रे!"

सोन्याने ते आणखी एकदा वाचायला सांगितलं. आई असेपर्यंत 'असमर्थ' हा शब्द कुणी त्याच्या तोंडावर उच्चारला नव्हता.

"कायमचा, असंच लिहिलंय?"

"हो. तसं लिहिल्याशिवाय मिळत नाही. का रे?"

"काही नाही," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. दाखला मिळाला त्या दिवशी मात्र घरी पोचेपर्यंत त्याने मावशीचा हात सोडला नाही. रस्ता तर त्याला चालण्यापुरता दिसत होता.