याकूतचं तोंड

याकूत पाण्याच्या परातीतून बाहेर यायला तयार नव्हती, तेव्हाच जिलालीच्या ध्यानात यायला हवं होतं. नागीण दिवसभर पाण्यात पडून राहते तेव्हा तिला उकडत नसतं, तिला काहीतरी खात असतं. तीस वर्षं मराकेशच्या चौकात साप खेळवणाऱ्याला हे कुणी सांगायला नको. पण लाडक्याचं दुखणं माणूस सगळ्यात शेवटी बघतो, आणि जिलालीचा जीव पोटच्या तीन मुलींपेक्षा या काळ्या नागिणीवर जास्त होता. मुलींना ते ठाऊक होतं. बापाच्या माघारी त्या तिला 'चौथी' म्हणायच्या.

त्या सकाळी त्याने तिला उचललं आणि तळहातावर खसखशीएवढे काळे ठिपके पसरले. ठिपके चालायला लागले. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या खाचेत, खवल्यांखाली, जिथे बघावं तिथे किडे रक्त पिऊन टम्म फुगले होते. जिलालीने हातातला चहाचा पेला भिंतीवर फोडला.

त्याची बायको खद्दूज धावत आली. "काय झालं?"

"किडे! माझ्या याकूतला!"

"मग पेल्याने काय केलं होतं तुझं?"

खद्दूज बोलायला तिखट होती, पण कामाला वाघ. तिने ऑलिव्हचं तेल आणलं. दोघांनी मिळून याकूतला डोक्यापासून शेपटापर्यंत तेल चोळलं, कोमट पाण्यात बुडवली, आणि मेलेल्या किड्यांचा काळा गाळ परातीच्या तळाशी बसलेला पाहिला. जिलालीने लाकडी पेटी उकळत्या पाण्याने खंगाळली. पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं हिरवं कापड मात्र त्याने आधी बाहेर काढलं, ओठांना लावलं, डोक्यावर ठेवलं. मेकनेसच्या शेखच्या कबरीवरच्या चादरीचा तो तुकडा. त्या शेखला मानणाऱ्या ईसावी पंथातल्या गारुड्याच्या पेटीत असा तुकडा असतोच. त्या कापडावर निजलेला साप आपल्या माणसाला डसत नाही, आणि ते कापड कधी पाण्यात घालायचं नाही, नाहीतर बरकत वाहून जाते. पेटी उन्हात वाळल्यावर त्याने कापडाची घडी होती तशी परत तळाशी ठेवली.

बाजारातल्या जडीबुटीवाल्याने त्याला एक बाटलीही दिली होती. खद्दूजने ती हुंगली आणि कोनाड्यात वर सरकवली. "हे मेंढ्यांच्या गोचिडांचं औषध आहे, मुलींच्या बापा. हिच्या अंगाला लागलं तर तासाभरात मरेल."

सहा दिवसांनी याकूत पुन्हा परातीत जाऊन बसली. पुन्हा तेच ठिपके, आधीपेक्षा जास्त. आता जिलालीचं डोकं फिरलं. आपण पेटी उकळली, परात उकळली, साप तेलात बुडवला. तरी किडे येतात म्हणजे कुणीतरी आणून सोडतंय. आणि कोण, हे शोधायला त्याला लांब जायचं नव्हतं.

त्याचा चुलतभाऊ बूअज्जा. दोघं वीस वर्षं एकाच सतरंजीवर बसले, एकाने सनई फुंकली, दुसऱ्याने डफ वाजवला. मग बूअज्जाने सापांची तोंडं शिवायला सुरुवात केली. मासे पकडायच्या दोऱ्याचे तीन टाके घातले की साप परदेशी पाहुण्यांच्या गळ्यात बिनघोर घालता येतो. शिवलेला साप खात नाही. दोन-तीन महिने झिजतो, मरतो, मग दुसरा आणायचा. जिलालीने शेखच्या कबरीवर हात ठेवून शपथ घेतली होती की याकूतच्या तोंडाला सुई लागणार नाही. त्यावरून भांडण झालं, सतरंज्या वेगळ्या झाल्या, आणि दोन वर्षं दोघं चौकाच्या दोन टोकांना बसत होते. आणि हाच बूअज्जा गेल्या शुक्रवारी नमाजनंतर जिलालीच्या सतरंजीपाशी आला होता. याकूतच्या पेटीवर हात ठेवून क्षणभर उभा राहिला, आणि काही न बोलता निघून गेला.

जिलालीने कोनाड्यातली बाटली खिशात टाकली आणि साप धरायचा लोखंडी आकडा उचलला.

दुपार टळली होती. बूअज्जाभोवती माणसांचं कडं जमलं होतं. जिलाली ते कडं फोडून आत शिरला आणि पहिल्याच लाथेत त्याने डफ फाडला.

"काय केलंस माझ्या नागिणीला?"

"वेडा झालास का रे?" बूअज्जा उठून उभा राहिला. "कसली नागीण?"

"किडे सोडलेस! शुक्रवारी! पेटीवर हात ठेवलास की नाही?"

"हात ठेवला. किडे नाही सोडले." बूअज्जाने उजवा हात डोक्यावर ठेवला. "शेखच्या कबरीची शपथ, भावा. नाही सोडले."

ईसावी माणूस शेखची खोटी शपथ घेत नाही. जिलालीला हे अंगाईपासून माहीत होतं. पण राग असा असतो की खरं ऐकलं की त्याला जास्तच चेव येतो. "शेखचं नाव घेतोस? तोंडं शिवणाऱ्या कसाया!" त्याने आकडा दोन्ही हातांनी उगारून त्या हातावर घातला. मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. बूअज्जा किंचाळत गुडघ्यांवर पडला, तर जिलालीने त्याच हातावर आणखी दोनदा आकडा मारला. बोटं फरशीवर चेचली गेली. लोक ओरडत मागे हटले. कुणीतरी अंगावर धावून आलं, त्याच्या तोंडावर कोपर बसलं, दात तुटला. तरी जिलालीने बाटलीचं बूच काढलं आणि अख्खी बाटली बूअज्जाच्या पेटीत ओतली.

आत एक नाग आणि दोन घोणशी होत्या. औषध अंगाला लागताच तिघं पिळले गेले, पेटीच्या फळ्यांवर डोकी आपटायला लागले. ओरडायला सापाला आवाज नसतो, पण तोंड तरी उघडता येतं. यांना तेही येत नव्हतं. टाक्यांतून फेस येत राहिला आणि ते एकमेकांना वेढे घालून थंड पडले.

तोवर चौकातल्या माणसांनी जिलालीला खाली पाडून लाथांनी तुडवला होता. रक्त थुंकताना त्याला समाधान वाटत होतं. खोटं कशाला बोला, वाटत होतं.

बूअज्जाने पोलिसांना नाव सांगितलं नाही. ईसावींचं भांडण ईसावी मिटवतात. दवाखान्यात त्याच्या हाताला सळ्या घातल्या आणि डॉक्टर म्हणाले, बोटं आता वळणार नाहीत.

जिलालीने याकूतला पुन्हा तेल लावलं, पेटी पुन्हा उकळली. आठव्या दिवशी खद्दूजने हाक मारली. तिच्या मनगटावर दोन काळे ठिपके चालत होते.

"बूअज्जा अंथरुणाला खिळलाय," ती म्हणाली. "आता कोण आलं होतं?"

जिलालीने पेटीचं झाकण उघडून आत पाहिलं.

"पेटी धुतलीस, परात धुतलीस, मला तर रोज तोंडाने धुतोस." तिने पेटीत हात घालून हिरवं कापड उचललं. "हे धुतलंस?"

"ठेव ते! बरकत आहे त्यात!"

खद्दूजने घडी उलगडली. नऊ वर्षं न उलगडलेल्या घड्यांमध्ये, प्रत्येक दुमडीत, लिखांच्या पांढऱ्या ओळी होत्या आणि वर किड्यांचे थर. "ही बघ तुझी बरकत," ती म्हणाली. "चालतेय."

ज्या हाताने ते कापड दर वेळी ओठांना लावून परत ठेवलं होतं, त्या हाताकडे जिलाली बघत राहिला. मग त्याने ते कापड स्वतःच उकळत्या पाण्यात घातलं.

दोन आठवड्यांत याकूत स्वच्छ झाली. तिने कात टाकली, उंदीर खाल्ला, डोळे चमकायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिलाली पेटी घेऊन बूअज्जाच्या दारात गेला. बूअज्जाची बायको रहमा दार अडवून उभी राहिली.

"शुक्रवारी तो तुझ्याकडे का आला होता, माहितेय? पुन्हा एकत्र बसू म्हणायला. टाके घालणं सोडतो, म्हणणार होता. पेटीपाशी जाऊन त्याची जीभ अडली."

आतून बूअज्जाचा आवाज आला. "येऊ दे त्याला."

जिलालीने सगळं सांगितलं, कापडासकट. मान वर केली नाही. "माझी चूक झाली, भावा. माग, काय हवं ते माग."

"हात देतोस परत?"

जिलालीने कपाळ जमिनीला टेकवलं.

"मग याकूत दे." बूअज्जाने पांढऱ्या पट्ट्यांमधला हात मांडीवर घेतला. "आणि माझ्या पेटीत शिवलेला साप येतो. डाव्या हाताने मला शिवता येत नाही. तू शिव."

"टाके सोडणार होतास ना तू?"

"तेव्हा मला दोन हात होते."

"मी शपथ घेतलीय, बूअज्जा."

"मीही घेतली होती. डोक्यावर हात ठेवून. याच हाताने."

रहमाने मुकाट सुईत दोरा ओवून दिला. जिलालीने याकूतची मान धरली. तिचे विषाचे दात शाबूत होते आणि पकड त्याने मुद्दाम ढिली ठेवली. "चाव," तो तिच्या कानाशी पुटपुटला, जणू तिला कान होते. "चाव ना ग बाई." ती चावली नाही. त्याला ती आयुष्यात कधी चावली नव्हती. सुई वरच्या ओठातून आत गेली, खालच्यातून बाहेर आली, आणि रक्ताचा एक थेंब त्याच्या अंगठ्यावर पडला. बूअज्जा मोजत होता. "दोन." सुई पुन्हा आत गेली. "तीन."

जिलालीने दात लावून दोरा तोडला आणि तिला जमिनीवर सोडलं. महिनाभर मलूल पडून राहिलेली याकूत क्षणभर तशीच राहिली. मग ती उठली, कमरेएवढी उंच, अंगावर एकही किडा नाही, आणि तिने पूर्ण फणा काढला. रहमाने तोंडाला ओढणी लावली. बूअज्जाने भिंतीकडे मान फिरवली. याकूत जिलालीसमोर डोलत तोंड उघडायला बघत होती.